थर्ड राउंडच्या पिकात काय येतं

१५ ऑक्टोबर २०२४ च्या मंगळवारी एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, दोन वयस्क रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) इकडचे तिकडे झाले. वयस्क म्हणजे एक ३१ चा, दुसरा ३० चा. आमच्या ऑफिसात या वयाच्या माणसाला अजून 'नवीन पोरगा' म्हणतात. पण जिवाच्या आकांताने पळायचं, पळता पळता मागे बघायचं आणि अंगावर माणूस लोंबकळत असताना चेंडू झेलायचा, हा धंदा असेल तर तिशीनंतर उतारच. लास व्हेगासच्या रेडर्सनी डेव्हान्टे अ‍ॅडम्स आमच्या जेट्सना दिला आणि त्याच दिवशी क्लीव्हलंडच्या ब्राउन्सनी अमारी कूपर बफलो बिल्सना दिला. दोन्ही सौद्यांत मुख्य किंमत एकच होती, २०२५ च्या ड्राफ्टमधला थर्ड राउंडचा पिक.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि जेट्सचा आहे. बायकोचा धाकटा भाऊ रॉचेस्टरला असतो आणि तिकडच्या सगळ्यांसारखा बिल्सचा आहे. जानेवारीत सीटवरचा बर्फ हाताने ढकलून मॅच बघायला बसणाऱ्यांतला. त्या दिवशी दुपारी त्याचा मेसेज आला, "दाजी, एकाच बाजारात एकाच भावात दोघांनी बैल घेतलाय. बघू आता कुणाचा चालतोय." तेव्हा जी जुंपली ती दोन्ही रिसीव्हर आपापले संघ सोडून गेले तरी मिटलेली नाही. कोल्हापूरचे मित्रही अधूनमधून विचारतात, अरे हे पिक-बिक काय असतंय. तर एकदा सगळं लिहूनच काढतो.

दर वर्षी एप्रिलात ३२ संघ कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं आळीपाळीने निवडतात. यालाच ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्या होतात. आदल्या मोसमात जो सगळ्यात वाईट खेळला त्याचा नंबर पहिला. हा नंबर म्हणजे पिक, आणि तो नोटेसारखा चालतो. खेळाडू घ्यायचा तर समोरच्याला द्यायचा. पहिल्या फेरीतला पोरगा स्टार व्हावा अशी अपेक्षा असते, सातव्या फेरीतला संघात टिकला तरी मिळवलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजचे कोच जिमी जॉन्सन यांनी प्रत्येक पिकला गुण लावून एक तक्ता केला होता. पहिल्या पिकला ३०००. पहिल्या फेरीतल्या शेवटच्या, म्हणजे ३२ व्या पिकला ५९०. आणि तिसऱ्या फेरीतल्या पहिल्याच पिकला फक्त २६५. त्यावरून वाटतं की तिसऱ्या फेरीत मोठा माणूस मिळाला म्हणजे फुकटात मिळाला. पण त्या पिकमधून येणारा पोरगा चार वर्षं ठरलेल्या कमी पगारात राबतो. इथे प्रत्येक संघाच्या पगाराला वरून झाकण असतं, २०२४ ला ते २५ कोटी ५४ लाख डॉलरवर होतं. अशा ठिकाणी स्वस्तात राबणारी पोरं जवळ असणं हीच श्रीमंती.

आता आदली रात्र. सोमवारी मेटलाइफ स्टेडियमवर जेट्स विरुद्ध बिल्स मॅच होती आणि मी मुलाला घेऊन वरच्या मजल्यावर बसलो होतो. आठवडाभर आधी, पाचपैकी तीन सामने हरल्यावर, मालकांनी कोच रॉबर्ट सालेहला काढलं होतं. मध्यंतराच्या तोंडावर आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, अ‍ॅरन रॉजर्सने लांबच्या लांब चेंडू आभाळात फेकला आणि अ‍ॅलन लॅझार्डने तो गर्दीतून टचडाऊनसाठी, म्हणजे समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे सहा गुणांसाठी, उचलला. तेव्हा आख्ख्या स्टेडियमसकट आम्हीही येड्यासारखे नाचलो. मग आमच्या किकरने दोन सोप्या किक घालवल्या. दोन्ही चेंडू खांबाला लागले, आणि तो टण्ण आवाज वरपर्यंत ऐकू आला. शेवटी बरोबरीसाठी किंवा विजयासाठी चाललेल्या धडपडीत रॉजर्सने माइक विल्यम्सकडे फेकलेला चेंडू बिल्सच्या टॅरन जॉन्सनने पळवला. २३-२० ने हरलो. खेळ संपल्यावर रॉजर्सने सरळ सांगितलं की विल्यम्स जिथे असायला हवा होता तिथे नव्हता.

मेडोलँड्सहून सीकॉकसला जाणाऱ्या गाडीत हिरव्या जर्सीतले सगळे एकाच विषयावर होते, रिसीव्हर पाहिजे. कुणी किकरला शिव्या देत नव्हतं, कुणी रॉजर्सला वाचवायला उभ्या असलेल्या आमच्याच पुढच्या फळीचं नाव काढत नव्हतं. हरल्याच्या रात्री लोकांना एकच नाव हवं असतं, आणि त्या रात्री ते नाव अ‍ॅडम्स होतं. तो आणि रॉजर्स ग्रीन बेला २०१४ ते २०२१ एकत्र खेळलेले. एकाने भुवई उडवली की दुसऱ्याला कळायचं, अशी जोडी. सकाळी उठलो तर सौदा झालेला.

आमच्या पलीकडच्या घरात एक इटालियन आजोबा राहतात. त्यांच्या वडिलांकडे शे स्टेडियमच्या काळापासून जेट्सचं सीझन तिकीट होतं, ते पुढे यांच्याकडे आलं. जानेवारी १९६९ मध्ये जो नेमथने बाल्टिमोरला १६-७ हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला तेव्हा हे शाळेत होते. त्यानंतर जेट्स त्या सामन्यापर्यंत पुन्हा पोचलेच नाहीत, त्यामुळे आजोबांना आनंदाची बातमी सांगताना जरा जपून सांगावी लागते. कचऱ्याचा डबा ओढत रस्त्यावर आणताना मी त्यांना अ‍ॅडम्सचं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, कितीला? थर्ड राउंड, पण अ‍ॅडम्स ऑल-प्रो झाला, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेला, किंवा जेट्स एएफसीच्या, म्हणजे लीगमधल्या आपल्या अर्ध्या गटाच्या, फायनलपर्यंत वगैरे गेले तर त्याचा सेकंड राउंड होणार. आजोबा डबा सोडून हसायला लागले. म्हणाले, मग काळजी नाही, तिसराच राहणार.

तिसराच राहिला.

हसून झाल्यावर त्यांनी जे विचारलं ते मात्र माझ्या डोक्यात बसलं. "आपण किती जिंकलोय?" दोन. "किती हरलोय?" चार. "उरले किती?" अकरा. प्लेऑफची, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीची, खात्री हवी तर दहा विजय लागतात असं धरा. म्हणजे उरलेल्या अकरातले आठ जिंकायचे. नुकताच कोच काढलेला, रॉजर्स ४० वर्षांचा आणि वर्षापूर्वी, ११ सप्टेंबर २०२३ ला, जेट्ससाठीच्या पहिल्या सामन्यात चार चाली होतात न होतात तोच टाचेची शीर तुटलेला. अशा संघाने अकरातले आठ जिंकावेत म्हणून आपण रिसीव्हर आणतोय.

त्या आठवड्यात मी गाडीत डब्ल्यूएफएएन लावून ऑफिसला जायचो. न्यूयॉर्कचा हा रेडिओ म्हणजे दिवसरात्र फोन करून भांडणाऱ्यांचा अड्डा. तिथे एका सकाळी तीन पक्ष ऐकले. पहिल्याचं म्हणणं, थर्ड राउंडच्या पोरांपैकी निम्मी पुढे आठवतही नाहीत, दिला पिक तर दिला. दुसऱ्याचं म्हणणं, पगाराचं बघा: अ‍ॅडम्सच्या त्या वर्षाच्या उरलेल्या पगाराचे एक कोटी डॉलरच्या वर आपल्या खिशातून जाणार, आणि पुढच्या वर्षीचा आकडा इतका फुगलेला आहे की त्याला सोडावंच लागणार. तिसरा नुसताच रडत होता. मला तिसरा सगळ्यात प्रामाणिक वाटला.

माझ्या मुलाचा चौथाच पक्ष होता. तो फँटसी फुटबॉल खेळतो, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ करून त्यांच्या आकड्यांवर गुण मिळवतो. त्याच्या संघात आमचाच गॅरेट विल्सन होता. अ‍ॅडम्स आला म्हणजे विल्सनकडे येणारे चेंडू कमी होणार, म्हणून घरात हा एकटाच सौद्यावर नाराज. "पप्पा, रॉजर्स आता त्याच्या जुन्या मित्रालाच देणार." सोळा वर्षांच्या पोराला माणसाचा स्वभाव कळतो, तो आमच्या जनरल मॅनेजरला कळत नव्हता.

उलट बफलोचं बघा. त्याच सोमवारच्या विजयाने बिल्स ४-२, म्हणजे चार जिंकलेले दोन हरलेले, झाले होते. एप्रिलमध्ये त्यांनी स्टेफॉन डिग्ज ह्यूस्टनला देऊन टाकला होता आणि त्याच्या जागी एक असा माणूस नव्हता. चार-पाच जणांत वाटून काम चाललं होतं. त्यांचा फेकणारा जॉश अ‍ॅलन जोरात होता. त्यांनी तिसऱ्या फेरीचा पिक आणि २०२६ चा सातव्या फेरीचा पिक देऊन कूपर आणि सहाव्या फेरीचा एक पिक घेतला. आणि पगार? ब्राउन्सनी कूपरचा करार आधीच असा फिरवून ठेवला होता की बिल्सना दहा लाख डॉलरसुद्धा भरावे लागले नाहीत. ब्राउन्सनी पैसे भरले आणि माणूस बफलोत खेळला. एकाच भावात बैल, असं मेहुणा म्हणाला खरा. पण आमच्या बैलाबरोबर त्याच्या वैरणीचं बिलही आलं होतं.

पुढे काय झालं ते आकड्यांत सांगतो, कारण आमचं भांडण तिथूनच पेटतं. अ‍ॅडम्स जेट्ससाठी ११ सामने खेळला: ६७ झेल, ८५४ यार्ड, ७ टचडाऊन. कूपर बिल्ससाठी ८ सामने: २० झेल, २९७ यार्ड, २ टचडाऊन. आणि निकाल? जेट्स त्या अकरापैकी तीन जिंकले आणि ५-१२ वर संपले. बिल्स १३-४.

आता सांगा, सौदा कुणाचा चांगला?

मेहुण्याचं पालुपद ठरलेलं आहे: कूपर आल्यावर बिल्सनी सलग आठ सामन्यांत ३० किंवा त्याहून जास्त गुण केले. हे खरं आहे. कूपरकडे बघायला बचावाचा एक माणूस जायचा, त्यामुळे इतरांना मोकळीक मिळायची, हेही थोडंफार खरं. पण त्या आठातले मधले दोन सामने कूपर मनगट दुखावल्यामुळे बाहेर होता आणि तरी तीस झालेच. ते तीस जॉश अ‍ॅलनचे होते; त्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, उगाच नाही मिळाला त्याला. जानेवारीत, ज्याच्यासाठी कूपरला आणला होता त्या महिन्यात, तो फारसा दिसलाच नाही. २६ जानेवारी २०२५ ला कॅन्सस सिटीत ३२-२९ असं सगळं संपलं, तेव्हा शेवटच्या चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या संधीला, अ‍ॅलनने घाईत फेकलेला चेंडू डाल्टन किंकेडच्या हातात आला आणि निसटला. कूपर त्या गोष्टीत कुठेच नाही.

अ‍ॅडम्सबद्दल मात्र मला कुणी वाकडं बोललेलं चालत नाही. या माणसाला रेषेवर उभं असताना बघण्यासारखं असतं. समोर बचाव करणारा कॉर्नरबॅक हाताच्या अंतरावर उभा. चेंडू निघतो आणि अ‍ॅडम्स पळतच नाही. जागच्या जागी पावलं वाजवतो, डावा खांदा जरा टाकतो, कंबर उजवीकडे जातेय असं भासवतो. कॉर्नरबॅकचं वजन एका पायावर गेलं रे गेलं की त्याच्या छातीकडे आलेला हात फटकारून हा दुसऱ्या बाजूने पसार. नुसत्या वेगात त्याला मागे टाकणारे लीगमध्ये ढीगभर आहेत. वेग तिशीनंतर जातो, हे पायाचं काम जात नाही. म्हणून म्हातारा रिसीव्हर घ्यायचा तर असला घ्यावा. १५ डिसेंबरला जॅक्सनव्हिलमध्ये त्याने ९ झेल, १९८ यार्ड आणि २ टचडाऊन केले, त्यातला एक ७१ यार्डांचा. जेट्स ३२-२५ जिंकले. मी सोफ्यावरून उठून उभा होतो आणि बायको म्हणाली, "यांचं प्लेऑफ तर गेलं ना? मग एवढं काय?" तिला उत्तर नव्हतं. मोसम केव्हाच गेला होता आणि घरातली सर्वांत सुंदर गोष्ट त्या दिवशी टीव्हीवर चालली होती.

हॅलोविनच्या रात्रीही असंच. ह्यूस्टनविरुद्ध गॅरेट विल्सनने एका हाताने मागे झेपावून जो झेल घेतला, त्यात त्याची नडगी मैदानात टेकली की नाही हे बघायला पंचांना व्हिडिओ लागला. टेकली होती. मग अ‍ॅडम्सने ३७ यार्डांचा टचडाऊन केला आणि २१-१३. त्या एका रात्री मुलाचा विल्सन आणि माझा अ‍ॅडम्स दोघंही बरोबर ठरले. नोव्हेंबरच्या १९ तारखेला जनरल मॅनेजर जो डग्लसलाही नारळ मिळाला.

मी स्वतः या सौद्यांचा भक्त कसा झालो तेही सांगितलं पाहिजे. नोव्हेंबर २०१० मध्ये एका सहकाऱ्याकडे जास्तीचं तिकीट होतं म्हणून मी पहिल्यांदा जेट्सची मॅच बघायला गेलो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील संघाच्या मॅचला कठड्यावर लोंबकळत वाढलेला माणूस मी. हेल्मेट घालून ढकलाढकली करणारा हा खेळ मला फुटबॉल वाटतच नव्हता. ह्यूस्टनविरुद्ध मिनिटभरच उरलेलं, जेट्स २७-२३ मागे. मार्क सँचेझने ब्रेलन एडवर्ड्सला ४२ यार्डांचा पास दिला आणि दहा सेकंद उरली असताना सँटोनिओ होम्सला कोपऱ्यात सहा यार्डांचा. ३०-२७. शेजारच्या अनोळखी माणसाने मला उचललं. तो एडवर्ड्स २००९ मध्ये ब्राउन्सकडून आणलेला, दोन खेळाडू अधिक थर्ड आणि फिफ्थ राउंडच्या पिकला. होम्स २०१० मध्ये स्टीलर्सकडून, एका फिफ्थ राउंडच्या पिकला. दोन्ही झेल बाहेरून आणलेल्यांचे! त्या मोसमात जेट्स एएफसी फायनलपर्यंत गेले, पिट्सबर्गला २४-१९ हरले. तेव्हापासून मला वाटत आलं की थोडे पिक फेकले की बाहेरचा रिसीव्हर येतो आणि मोसम फिरतो.

पण त्या दोघांची वयं बघा: २७ आणि २६. आणि २०१० चा तो संघ आधीच्याच वर्षी एएफसी फायनल खेळलेला होता. बचाव अभेद्य, पुढची फळी मजबूत. गाडी चालू होती, त्यांनी फक्त गिअर टाकला.

याच्या उलट २०१५. ब्रँडन मार्शल ३० वर्षांचा, शिकागोकडून फिफ्थ राउंडच्या पिकला. त्याने १०९ झेल, १५०२ यार्ड, १४ टचडाऊन केले. याहून चांगला सौदा जेट्सने केलेला मला माहीत नाही. १०-५ असताना शेवटची मॅच बफलोत होती, जिंकलो की प्लेऑफ. २२-१७ हरलो, आमच्या फेकणाऱ्या फिट्झपॅट्रिकचे तीन पास चौथ्या क्वार्टरमध्ये समोरच्यांनी पळवले. मार्शल आख्ख्या कारकिर्दीत प्लेऑफचा एकही सामना खेळला नाही. झेलणारा कितीही मोठा असू दे, फेकणाऱ्याने कुठे फेकायचं हे त्याच्या हातात नसतं.

आजोबांकडे या विषयावर जेट्सबाहेरचेही दाखले भरपूर आहेत. ९ सप्टेंबर २००७ ला ते जायंट्स स्टेडियममध्ये होते. पेट्रियट्सनी ३० वर्षांचा रँडी मॉस ओकलंडकडून फक्त चौथ्या फेरीच्या पिकला घेतला होता आणि सगळे म्हणत होते की तो संपला. पहिलीच मॅच जेट्सशी. मॉसने ९ झेल आणि १८३ यार्ड केले. त्यातला एक टचडाऊन आमच्या तीन माणसांच्या मधून, ५१ यार्डांचा. "तो पळायला लागल्यावर माझ्या शेजारच्याने पॉपकॉर्न खाली ठेवलं," असं आजोबा सांगतात. त्या मोसमात मॉसचे २३ टचडाऊन झाले, तो विक्रम अजून आहे. फेकणारा टॉम ब्रेडी होता, हे ते शेवटी सांगतात.

तोच पेट्रियट्स संघ २०१९ मध्ये मोहम्मद सानूसाठी सेकंड राउंडचा पिक देऊन बसला. २६ झेल, २०७ यार्ड, एक टचडाऊन, आणि पुढच्या सप्टेंबरात हकालपट्टी. फेकणारा तेव्हाही ब्रेडीच होता, त्यामुळे माझा वरचा सिद्धांत इथे जरा लंगडतो. सानू आल्यावर लवकरच घोट्याने दुखावला होता. टेनेसीने २०२१ मध्ये ज्युलिओ जोन्ससाठी एक सेकंड आणि एक फोर्थ दिला. ३२ वर्षांचा तो महान माणूस दहा सामने खेळला, ४३४ यार्ड, आणि मार्चमध्ये मोकळा. आणि सॅन फ्रान्सिस्कोने २०१३ मध्ये अँक्वान बोल्डिनला, ३२ व्या वर्षी, नुकताच सुपर बोल जिंकलेला असताना, बाल्टिमोरकडून सहाव्या फेरीच्या पिकला उचललं. पहिल्याच सामन्यात ग्रीन बेविरुद्ध १३ झेल, २०८ यार्ड. मोसमात ११७९. सहाव्या फेरीला! बोल्डिन कधीच वेगवान नव्हता, म्हणून वयाने त्याचं न्यायला फारसं काही नव्हतंच. अंगाने आणि हाताने खेळायचा.

तर माझं मत असं झालंय. पिकचा राउंड बघणं हे सगळ्यात शेवटचं काम. आधी कॅलेंडर बघावं. मार्चमध्ये किंवा एप्रिलमध्ये आणलेला म्हातारा निदान शिबिर करतो, फेकणाऱ्याबरोबर उन्हाळा काढतो. बोल्डिन, मॉस, मार्शल, तिघंही तसेच आले. ऑक्टोबरमध्ये आणलेला सामान उतरवायच्या आत मैदानात उतरतो. पिट्सबर्गमधल्या पहिल्या सामन्यात अ‍ॅडम्सचे ३ झेल आणि ३० यार्ड होते, आणि जेट्स ३७-१५ हरले. मग विजयांचा हिशेब बघावा, आजोबांच्या डब्यापाशी केला तसा. मग करार कधी संपतो ते. या सगळ्यातून सौदा पार पडला तर पिक तिसऱ्या फेरीचा की चौथ्या, यावर खुशाल घासाघीस करा.

या मापाने २०२४ चा जेट्सचा सौदा चुकीचाच होता, आणि तरी अ‍ॅडम्स चुकीचा माणूस नव्हता. हे मेहुण्याला पटवताना माझी दमछाक होते. ४ मार्च २०२५ ला जेट्सनी अ‍ॅडम्सला सोडलं. लॉस एंजेलिस रॅम्सनी त्याला उचललं, एकही पिक न देता, फक्त पैसे. मॅथ्यू स्टॅफर्डने त्याच्याकडे फेकलं आणि ३२ व्या वर्षी त्याने १४ टचडाऊन केले, २०२५ मध्ये लीगमध्ये सगळ्यांत जास्त. ज्याच्यासाठी आम्ही पाच महिने आधी पिक दिला तो त्यांना बाजारात मोकळा मिळाला. कूपर रेडर्सकडे गेला आणि सप्टेंबरमध्ये मोसम सुरू व्हायच्या आधीच निवृत्त झाला. एकाच दिवशी, एकाच भावात घेतलेले दोघे. एक वर्षाने कोण कुठे असेल हे त्या मंगळवारी कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं.

मेहुण्याचं दुखणं आता नवीन आहे. नोव्हेंबर २०२५ च्या मुदतीपर्यंत बिल्सनी रिसीव्हर आणावा म्हणून तिकडचे सगळे ओरडत होते. बिल्सनी कुणासाठी पिक मोडला नाही. नंतर ३२ वर्षांचा ब्रँडिन कुक्स मोकळा झाला होता तो घेतला. जानेवारीत डेन्व्हरमध्ये जादा वेळेत अ‍ॅलनने त्याच कुक्सकडे लांब चेंडू टाकला, कुक्स आणि ब्रॉन्कोजचा जाक्वान मॅकमिलियन दोघंही चेंडूसकट पडले आणि उठताना चेंडू मॅकमिलियनकडे होता. पंचांनी तो त्याचाच धरला. ३३-३०, बिल्स घरी. मेहुणा अजून म्हणतो झेल कुक्सचाच होता, आणि मलाही ते थोडं तसंच वाटतं.

"दाजी, मुदतीत जेकोबी मायर्स घ्यायला पाहिजे होता," असं त्याने परवा पुन्हा काढलं. "चौथी आणि सहावी फेरी, एवढ्यात गेला तो जॅग्वार्सकडे."

मी म्हटलं, अरे, त्याच जॅग्वार्सना तुम्ही प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात २७-२४ हरवलंत की.

"म्हणून तर," म्हणाला, "आमच्याकडे असता तर तीनपेक्षा जास्त फरकाने हरवलं असतं."